तपकिरीवर काळा

पाठीमागून कुणीतरी "मधू!" अशी हाक मारली आणि नरसिंहरावानं ओ दिली. ओ देऊन झाल्यावर, मान अर्धी वळल्यावर, त्याच्या ध्यानात आलं की आपलं नाव मधू नाही. चिकपेटातली संध्याकाळची गर्दी, कापडाचे गठ्ठे डोक्यावर घेतलेले हमाल, आणि त्यांच्यातून वाट काढत एक जाडजूड, टक्कल पडलेला माणूस दोन्ही हात पसरून त्याच्याकडे येत होता. "काय लेका मधू, वळख इसरलास व्हय? देवाप्पा न्हवं का मी!" म्हणत त्यानं पाठीवर सणसणीत थाप मारली. मग नरसिंहरावाचा चेहरा त्याला पुरता दिसला आणि तो हात पाठीवरून घसरत खाली आला. विमानांच्या कारखान्यात थोरल्या भावाच्या, मधुकरच्या शेजारी उभा राहून काम करणारा आणि पुढं बेळगावकडे निघून गेलेला हा देवाप्पा. मधुकर दहा वर्षांपूर्वीच गेला हे त्याच्या कानावरच आलं नव्हतं. "मागनं जर्किन बगितलं, वाटलं त्योच," तो ओशाळून म्हणाला. मग त्याला सगळं सांगावं लागलं. रस्त्यात उभं राहून सांगण्याजोगी ती गोष्ट नव्हती, पण सांगितली. देवाप्पा रडला. एवढा मोठा बाप्या, भर बाजारात मनगटानं डोळे पुसत रडला. नरसिंहराव नुसता उभा होता. त्याला रडूबिडू काही आलं नाही. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, की मी ओ दिली कशी?

कारण ते नाव त्यानं जन्मात तोंडातून काढलं नव्हतं. त्यांच्या घरात थोरल्याला नावानं हाक मारण्याची पद्धतच नव्हती. थोरला तो अण्णा. शाळेत मास्तरांनी भावाचं नाव विचारलं तर धाकटा नरसू लाल होऊन "अण्णा" म्हणायचा आणि वर्ग हसायचा. अण्णा मेल्यावर स्मशानात नाव घ्यायची वेळ आली तेव्हासुद्धा त्यानं बाजूच्या काकांच्या कानात सांगितलं होतं, तुम्ही घ्या. आणि आता त्याच नावाला आपण आपलं समजून ओ देतो, म्हणजे आपल्यातलं उरलं काय? जर्किन अंगात होतं. चामड्याचं, तपकिरी, मोठ्या लढाईतलं, अण्णानं रविवारच्या जुन्या बाजारात मिलिटरीच्या ढिगातून उपसून आणलेलं. नरसिंहराव विश्वासरावांच्या रेशमाच्या दुकानात गिऱ्हाइकांना रंग जुळवून द्यायचा. बाया साडीचा एक धागा घेऊन यायच्या आणि तो गठ्ठ्यातून नेमका खण काढायचा. जगातला कुठलाही रंग दिसला की त्याच्या मनात आधी नाव उमटायचं. या जर्किनचा रंग त्यानं पहिल्याच दिवशी ओळखला होता: भिजत घातलेल्या चिंचेचा, कडेला जरा विटकरीवर गेलेला. "शोभतंय का रे नरसू?" अण्णानं आरशासमोर विचारलं होतं. अण्णाला काय शोभत नव्हतं? मोटारसायकल शोभायची, उशिरा घरी येणं शोभायचं, आईला उचलून गरगर फिरवणं शोभायचं. नरसूनं कधी आईला उचलून पाहिलं नाही. आपल्याला ते जमणार नाही आणि तिलाही ते आवडणार नाही, हे त्यानं मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

अण्णा गेला तो तुमकूरच्या रस्त्यावर, पीण्याच्या पुढं, मोटारसायकलवरून पडून. कारखाने आता उभे राहताहेत. तेव्हा तिथं दोन्ही बाजूंना नाचणीची रानं होती आणि मधोमध रिकामा, सरळ, कुणालाही मोह पडावा असा रस्ता. दिवस एप्रिलचे, म्हणून जर्किन घरी खुंटीला होतं. तेराव्या दिवशी अण्णाचे कपडे दानात गेले. भीमाचार्य भटजी एकेक वस्तू बाजूला काढत होते. धोतरं चालली, शर्ट चालले, पँटी नाक मुरडत का होईना चालल्या. जोडा चालला, कारण जोडा दानात सांगितलेलाच आहे, आणि छत्रीही. जर्किन पुढं केलं तसे ते मागं सरकले. "चामड्याचा जोडा शास्त्रात आहे," ते म्हणाले, "चामड्याचा कोट नाही." आता जोडा कशाचा असतो, असं विचारायचं त्या दिवशी कुणाच्या मनात आलं नाही. शास्त्रात नसलेली ती एकच वस्तू घरात राहिली. देवघरापासून लांब, बाहेरच्या दाराशेजारच्या खुंटीवर ती लटकत राहिली, आणि येताजाता सगळ्यांचे खांदे तिला लागत राहिले. भीमाचार्यांनी त्या दिवशी ते जर्किन उचललं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं, असं नरसिंहरावाला पुष्कळदा वाटायचं. वाटून उपयोग नव्हता.

पुढची काही वर्षं आई ठीक होती. सकवारबाई म्हणजे ताठ कण्याची, कमी बोलणारी बाई. शोकही तिनं ताठ उभं राहूनच केला. मग हळूहळू तिच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटायला लागली. आधी वार, मग शेजारपाजार, मग मेलेली आणि जिवंत माणसं एकमेकांत मिसळली. कस्तुराबाईला, म्हणजे सुनेला, नरसिंहरावाच्या बायकोला, ती "अक्का" म्हणू लागली, माहेरची थोरली बहीण समजून. कस्तुराला त्याचं काही वाटलं नाही. आनेकलच्या खटल्याच्या घरातली ती, उलट तिनं लगेच अक्कापण अंगावर घेतलं; सासूला दटावायची, केस विंचरून द्यायची, "गप बस गं सकवार" म्हणायची आणि स्वयंपाकघरात जाऊन तोंडाला पदर लावून हसायची. नरसिंहरावाला मात्र आई काहीच म्हणत नव्हती. ती त्याच्याकडे बघायची, भिंतीकडे बघावं तशी, आणि ताटाला हात लावायची नाही. गेल्या डिसेंबरात एका संध्याकाळी थंडी फार होती, अंगात कसकस होती, म्हणून त्यानं बाहेर जाताना खुंटीवरचं जर्किन अंगात घातलं. परत आला तर दारात आई उभी. तिचा चेहरा उजळला. तसा उजळलेला त्यानं कित्येक वर्षांत पाहिला नव्हता, आणि आपल्याकडे बघून तर कधीच नाही. "मधू, आलास काय रे? किती वाट बघायची माणसानं?" तिनं कॉलरला धरून त्याला खाली वाकवलं, कॉलरीत नाक खुपसून भरभरून वास घेतला, आणि त्या दिवशी पोटभर सारभात जेवली.

तेव्हापासून हे रोजचंच झालं. दुकानातून घरी येताना जर्किन घालायचं, दारात मधू व्हायचं, तिला भरवायचं. उन्हाळ्यातसुद्धा. चामड्याखाली घामानं पाठ भिजायची आणि आई त्याच्या हातून घास घेत, कारखान्यातल्या गमती विचारायची, आणि तो रचून सांगायचा. एखाद्या दिवशी ती त्याचा हात हातात घेऊन बसायची. तो हात आपला आहे आणि आपला नाही, हे कळत असताना तो काढूनही घेता येत नव्हता. एकदा त्यानं धीर करून विचारलं होतं, "आई, नरसू कुठं आहे?" तिनं घास गिळला आणि जणू ऐकलंच नाही अशी दुसऱ्या घासासाठी तोंड उघडून बसली. त्या उघड्या तोंडाकडे बघताना त्याला तिचा राग आला. आजारी म्हातारीचा राग. मग स्वतःची शरम वाटली. पण राग गेला नाही. शरमेच्या खाली तो आहे तसाच राहिला. त्याला वाटायचं, आत कुठंतरी मी आहे. तिच्या डोक्यात अजून आहे. हे जर्किन मध्ये येतं म्हणून तिला मी दिसत नाही. तिचे फार दिवस उरलेले नाहीत, तेवढ्यात एकदा, फक्त एकदा, तिनं "नरसू" म्हणावं. यापलीकडं त्याला काही नको होतं. चाळिशीला आलेल्या माणसानं अशी गोष्ट मागावी याचं हसू यायला हवं, पण ते त्याला येत नव्हतं.

देवाप्पा भेटल्याच्या संध्याकाळी तो कस्तुराला म्हणाला, "मी हे आता घालणार नाही."

"का वं?"

"मला अण्णाच्या नावानं हाका मारते."

"मारू दे की. जेवत्यात न्हवं? मला अक्का म्हणत्यात, माझं काय झडलं काय?"

"तुझी गोष्ट वेगळी."

"कशी ती?" असं विचारून तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "त्यांना आता कायबी म्हणू दे हो. तुमी नुसतं हूं म्हणा." तिचं बरोबर होतं. तिचं बरोबर आहे हे त्याला कळत होतं, आणि म्हणूनच तो जास्त चिडला. जर्किन न घालता तो आत गेला तर आई भिंतीकडे बघावं तशी बघणार आणि उपाशी राहणार. घातलं तर मधू. मग दुकानात बसल्या बसल्या त्याला रंगाचं सुचलं. जर्किन तेच राहू दे. त्याची सवय तिला आहे, ते बघून ती दाराशी येते, हसते. फक्त रंग बदलायचा. म्हणजे ती येईल, बघेल, थोडी अडखळेल, आणि त्या अडखळण्यातच कदाचित वर बघून चेहरा पाहील. आणि समजा नाहीच जमलं, तर रंग काढता येतो. रेशमात त्याचा जन्म गेला होता. गिऱ्हाइकाला पसंत पडला नाही तर कॉटनपेटातले रंगारी पांढरी पूड टाकून साडी उकळत, काळी झालेली साडी पुन्हा वाळल्या गवताच्या रंगाची कोरी होऊन येई, आणि मग तिच्यावर हवा तो रंग. रंग म्हणजे चढवायची आणि उतरवायची गोष्ट. रंगाला घाबरायचं काय? अशी खात्री चिकपेटातल्या माणसालाच असू शकते.

दुकान बंद असायच्या दिवशी तो जर्किन आणि सामान घेऊन दुकानाच्या गच्चीवर गेला. शिवाजीनगरच्या एका बूटवाल्याकडून त्यानं काळा रंग आणला होता. आधी स्पिरिटनं पुसून घ्यायचं, नाहीतर रंग धरत नाही, एवढं त्यानं विचारून घेतलं होतं. चिंधी स्पिरिटमध्ये बुडवून पाठीवरून फिरवली आणि चिंधीवर तपकिरी उतरला. मऊ, दाट, थेट भिजल्या चिंचेचा. त्याला गंमत वाटली, मग थोडी भीती. तो पुसत गेला. बाह्या पुसल्या, खिसे पुसले. कोपरांपाशी वळ्या पडल्या होत्या. मोटारसायकलच्या हँडलवर हात ठेवून ठेवून पडलेल्या, अण्णाच्या कोपरांच्या वळ्या, ज्यांत गेले कित्येक महिने त्याचे कोपर मुकाट्यानं जाऊन बसत होते. त्या पुसून जाण्यातल्या नव्हत्या. कॉलरीशी आल्यावर चिंधी बुळबुळीत झाली. अण्णाच्या केसांचं तेल. दहा वर्षांनीही ते तिथं मुरलेलं होतं, वास होता अजून, माक्याच्या तेलाचा आणि त्याखाली कसला तरी, नाव नसलेला, ओळखीचा. तेलावर रंग चढणार नव्हता. त्यानं चिंधीवर आणखी स्पिरिट ओतलं आणि घासायला लागला. जोरानं घासलं. हात भरून आले तरी घासलं. कशासाठी एवढं घासतोय हे त्याला नीट ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनही बरं वाटत होतं, खरं तर फार बरं वाटत होतं. मोकळं वाटत होतं. शेवटी कॉलर कोरडी, फिक्की, आजाऱ्याच्या ओठासारखी झाली आणि तिला स्पिरिटखेरीज कसलाच वास उरला नाही. मग त्यानं काळा चढवला. पहिल्या हातात पट्टे पडले, दुसऱ्यात मिसळले, तिसऱ्यात ते जर्किन कुणाचंच राहिलं नाही. बोटं काळी झाली, नखं काळी झाली. गच्चीच्या सावलीत ते वाळत होतं आणि तो समोर बसून बघत होता, आणि त्याच्या मनात रंगाचं नाव येत नव्हतं. काळा म्हणजे काळा.

संध्याकाळी तो ते घालून घरी गेला. आई दाराशीच होती, उंबऱ्याच्या आत, हात चौकटीला लावून. जर्किनचा आवाज ऐकून तिनं मान वर केली. तिची नजर जर्किनवर आली, थांबली, अडखळली. नजर वर चढली. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. भिंतीकडे बघावं तशी नाही, सरळ चेहऱ्याकडे, नाकाकडे, डोळ्यांत. तिनं पदर डोक्यावरून घेतला.

"कोण पायजे जी तुमाला?"

"आई, मी."

"मी म्हंजे कोण?"

"नरसू."

तिनं खरोखर आठवून पाहिलं. तिच्या कपाळावर आठी पडली, ओठ हलले, "नरसू… नरसू…" असं तिनं दोनदा म्हटलंसुद्धा. त्याला हवं होतं ते नाव, तिच्या तोंडून, तिच्या आवाजात. मग तिनं मान हलवली. "आमच्यात नरसू कोण नाई हो. घर चुकलासा वाटतं. मला एकुलता एक पोरगा, मधू. येतोय की आता. बसा स्वल्प, पाणी देते." हे ती इतक्या चांगुलपणानं म्हणाली की तो बसला. दाराजवळच्या, पाहुण्यांच्या खुर्चीवर बसला. स्वयंपाकघराच्या दारात कस्तुरा हातात ताट घेऊन उभी होती आणि तिच्या डोळ्यांना धार लागली होती.

त्या दिवशी आई जेवली नाही. मधू आल्याशिवाय जेवायचं नाही, एवढंच तिनं धरलं. दुसऱ्या दिवशी नरसिंहराव दुकानात बसला नाही. गच्चीवर गेला आणि जर्किन स्पिरिटनं घासत बसला. काळा उतरला, पण पुरता नाही. राखाडी, मळकट, मांजर भिजल्यासारखा झाला, आणि त्याखाली तपकिरी नव्हता. कुठून असणार? तो त्यानंच आधी चिंध्यांवर उतरवून घेतला होता, आणि चिंध्या टाकून दिल्या होत्या. कातडं उकळता येत नाही, हे त्याला तिथं, गुडघ्यावर जर्किन घेऊन बसल्यावर कळलं. त्यानं तपकिरी रंग आणून वर लावून पाहिला; काळ्यानं तो गिळला. मग सगळंच घाण दिसायला लागलं म्हणून पुन्हा काळाच फासला. कुणाचा तरी तपकिरी लोकरी कोट मागून आणला आणि घालून दारात उभा राहिला. "कोण पायजे जी?" आईनं तितक्याच आदरानं विचारलं. तो आदरच त्याला सोसेना. पूर्वी ती त्याच्याकडे बघत नसे तेव्हा निदान घरचं दुर्लक्ष तरी होतं. कस्तुरा दटावून, गोंजारून दोन घास पोटात ढकलायची, पण अक्काचं तरी किती ऐकणार? आई सुकत चालली. दिवसभर ती रस्त्याकडे डोळे लावून बसायची आणि नरसिंहरावही, दुकानातून आल्यावर, पाहुण्यांच्या खुर्चीवर बसून रस्त्याकडेच बघायचा. जन्मभर ज्याच्या सावलीचा त्याला कंटाळा आला होता तो अण्णा आता दारात यावा, मोटारसायकल लावावी, हिला उचलून गरगर फिरवावं, एवढीच इच्छा त्याच्यात उरली. आपल्याकडे कुणी बघितलं नाही तरी चालेल. खरंच चालेल.

शेवटी एका संध्याकाळी त्यानं कस्तुराच्या हातून ताट घेतलं आणि आईसमोर जमिनीवर बसला.

"कोण जी तुमी?"

त्यानं तोंड उघडलं. "मी मधूचा दोस्त," तो म्हणाला. मधू. ते नाव तोंडातून बाहेर पडलं आणि काहीही झालं नाही. छत कोसळलं नाही. "कारखान्यातला. मधूनं निरोप दिलाय, त्याला रात्रपाळी लागलीय, यायला जमणार नाही. तुम्ही जेवून घ्या म्हणालाय."

आईचा चेहरा निवळला. ती सरकली आणि तिनं त्याला चटईवर जागा करून दिली. "भेटला व्हय तुमाला? थंडी पडलीय. जर्किन घातलं हुतं न्हवं त्यानं?"

"घातलं होतं."

"तपकिरी."

"होय, तपकिरीच."

मग तिनं तोंड उघडलं आणि तो भरवू लागला. त्याच्या नखांतला काळा अजून गेला नव्हता. सारभाताच्या घासाबरोबर तो तिच्या ओठांपर्यंत जात होता, आणि तिला त्याचं काही नव्हतं. ती भरपूर जेवली. मधूच्या लहानपणच्या गोष्टी सांगितल्या, त्यातल्या एकीत झाडावरून पडलेलं पोर मधू नव्हता, नरसू होता. त्याच्या भुवईवर खूण होती. त्यानं दुरुस्ती केली नाही. पाणी पिऊन झाल्यावर तिनं त्याच्या काळ्या बोटांवर आपला हात ठेवला आणि विचारलं, "तुमची आई हाय न्हवं?"

"आहे."

"मग जावा की आता. वाट बघत आसंल ती. जेवली बी नसंल."

"सरी, बरं तर," तो म्हणाला, "येतो." तो उठला. खुंटीवरचं काळं जर्किन त्यानं काढून घेतलं, कारण पाहुणा जाताना आपलं सामान घेऊन जातो. कस्तुरा पुढं आली, काही बोलणार होती, त्यानं मानेनंच नको म्हटलं. पायऱ्या उतरून त्यानं चपला घातल्या आणि आपल्याच घरासमोर, कुठल्या बाजूला जायचं ते न कळून, तो उभा राहिला. आतून आईचा आवाज आला, कस्तुराला सांगत असलेला, तृप्त, पोट भरलेला.

"चांगलं पोरगं हाय गं अक्का. कुणाचं हाय कुणास ठाऊक."